पत्ता जिल्ह्याचा हवा, दप्तरही जिल्ह्याचे हवे

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, धाराशिव
आणि
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, धाराशिव

विषय : ग्रामपंचायती, शाळा व तालुका पातळीवरील कार्यालयांचा ई-मेल आणि डिजिटल दप्तर जिल्ह्याच्या स्वतःच्या डोमेनवर व सर्व्हरवर आणण्याबाबत.

महोदय,

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातल्या सरकारी कार्यालयांची जुनी दप्तरे पुन्हा उघडली गेली. निजामाच्या राजवटीतल्या कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. कागद उर्दूत होते, मोडीत होते. ते वाचायला जाणकार गाठावे लागले. तरीही नोंदी सापडल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या जिल्ह्यात त्यांच्या आधारे प्रमाणपत्रे देण्याचे काम सुरू झाले. मराठा आरक्षणाच्या प्रश्नाची राजकीय बाजू हा या पत्राचा विषय नाही. मुद्दा एवढाच, की १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १९८२ मध्ये लातूर वेगळा जिल्हा झाला, पुढे आपल्या जिल्ह्याचे नावही बदलले. एवढ्या उलथापालथीत तो कागद टिकला, कारण तो कार्यालयाच्या ताब्यात होता. कोणा कारकुनाच्या घरी नव्हता आणि कोणा परक्या कंपनीच्या गोदामातही नव्हता. आज आपल्या ग्रामपंचायती आणि शाळा जो पत्रव्यवहार करतात, त्याबद्दल हेच खात्रीने म्हणता येईल का, हा प्रश्न आपल्यापुढे ठेवण्यासाठी हे पत्र.

जिल्हा मुख्यालयातल्या वरिष्ठ कार्यालयांना शासकीय डोमेनवरचे ई-मेल पत्ते आहेत. पण तिथून खाली उतरत गेले की चित्र पालटते. राज्यभरात कुठल्याही ग्रामपंचायतीचे पत्रशीर्ष, शाळेचा दाखला किंवा गावपातळीवरची निविदा सूचना पाहिली, तर तळाशी बहुधा जीमेलचा पत्ता दिसतो. आदेश व्हॉट्सॲपच्या गटावर फोटो म्हणून येतात. माहिती गुगलच्या फॉर्ममध्ये मागवली जाते, 'लिंक भरा' असा निरोप येतो, आणि विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा, कधी कधी आधार क्रमांकसुद्धा अशा तक्त्यात जातात, जो लिंक मिळालेल्या कोणालाही उघडतो. यात कोणा एका कर्मचाऱ्याचा दोष नाही. वरून साधन दिले नाही, काम मात्र संध्याकाळपर्यंत हवे. मग हाताशी जे फुकट आहे ते वापरले जाते. पण परिणाम असा होतो की कागदासाठी आपल्याकडे आवक-जावक नोंदवही आहे, सहा गठ्ठे पद्धत आहे, अ-ब-क-ड वर्गीकरण आहे, अभिलेख कक्ष आहे. आणि ज्या माध्यमातून रोजचे निम्मे काम चालते त्याला यातले काहीच लागू नाही.

कायदा मात्र हा फरक करत नाही. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम २ मधल्या 'माहिती'च्या व्याख्येत ई-मेल हा शब्द स्पष्ट आहे, आणि कलम ४ प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाला आपले अभिलेख सूचिबद्ध करून ठेवायला सांगते. महाराष्ट्राचा स्वतःचा सार्वजनिक अभिलेख अधिनियमही २००५ चाच आहे. केंद्राच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यानुसार असे अभिलेख पूर्वपरवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. याच तरतुदीचा आधार घेऊन के. एन. गोविंदाचार्य यांनी २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली होती. परदेशी कंपन्यांच्या सर्व्हरवर सरकारी ई-मेल ठेवणे योग्य आहे का, हा त्यातला प्रश्न. पुढे २०१५ मध्ये केंद्राने ई-मेल धोरण अधिसूचित केले आणि शासकीय कामासाठी खासगी ई-मेल सेवा वापरू नये, असे ठरले. म्हणजे मी जे मागतो आहे ते तत्त्व म्हणून देशाने दहा वर्षांपूर्वीच मान्य केले आहे. ते पंचायत समितीच्या पायरीपाशी येऊन थांबले आहे, एवढेच.

ते थांबल्याने नेमके काय बिघडते, हे एका बदलीच्या दिवशी पाहता येईल. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचा २००५ चा कायदा सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा धरतो. ग्रामपंचायत अधिकारी बदलून जातात तेव्हा कार्यभार देण्याघेण्याची यादी होते : नमुना १ ते ३३ ची दप्तरे, धनादेश पुस्तिका, शिक्के, कपाटाच्या किल्ल्या. ई-मेल खाते या यादीत क्वचितच असते. त्या खात्याला मोबाइल क्रमांक जोडलेला असतो, तो खाते उघडणाऱ्या माणसाचा. पासवर्ड बहुधा संगणक परिचालकाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलेला असतो, आणि परिचालक कंत्राटी. नवा अधिकारी नव्या संगणकावरून खाते उघडू लागला की पडताळणीचा ओटीपी जातो जुन्या अधिकाऱ्याच्या फोनवर, जो आता परंड्याला किंवा उमरग्याला असतो, किंवा निवृत्त झालेला असतो. दोन-चार फोन होतात, ओटीपी मिळत नाही, आणि शेवटी सोपा मार्ग निघतो : नवे खाते उघडा. जुन्या खात्यातला सगळा पत्रव्यवहार त्या क्षणी गावासाठी संपतो. गुगलने २०२३ मध्ये धोरण जाहीर केले की दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकली जाऊ शकतात आणि त्याच वर्षी डिसेंबरापासून ते अमलात आले. संस्थांच्या नावाने रीतसर घेतलेल्या खात्यांना ते लागू नाही. पण आपल्या कार्यालयांची ही खाती कंपनीच्या लेखी वैयक्तिकच आहेत. अभिलेख नष्ट करण्यासाठी आपल्याकडे यादी लागते, मंजुरी लागते, मुदत पाहावी लागते. इथे तो आपोआप नष्ट होतो आणि कोणाची सहीसुद्धा लागत नाही.

म्हणून माझे म्हणणे एका वाक्यात असे : ई-मेलचा पत्ता जिल्ह्याच्या मालकीच्या डोमेनवर असावा, तो माणसाच्या नावाने नसून पदाच्या नावाने असावा, आणि त्यात साठलेले दप्तर कधीही, कोणाचीही परवानगी न मागता, पूर्णपणे उचलून दुसरीकडे नेता येईल अशा सर्व्हरवर असावे. यंत्र कोणत्या इमारतीत आहे हा यानंतरचा प्रश्न आहे. हे समजण्यासाठी ई-मेल पोहोचतो कसा, ते पाहू. पाठवणाऱ्याचा सर्व्हर पत्त्यातल्या '@' या चिन्हाच्या पुढचा भाग, म्हणजे डोमेन, पाहतो. मग डोमेनच्या सार्वजनिक नोंदीत विचारतो, की या डोमेनचा टपाल घेणारा सर्व्हर कोणता. या नोंदीला एमएक्स रेकॉर्ड म्हणतात. ती बदलण्याचा अधिकार डोमेनच्या मालकाकडे असतो. आज ती नोंद मुंबईतल्या एका यंत्राकडे बोट दाखवत असेल आणि उद्या तिथली सेवा पटली नाही, तर ती ओळ बदलायची. काही तासांत टपाल दुसऱ्या यंत्रावर येऊ लागते आणि पत्ता तोच राहतो. जीमेलच्या पत्त्यात डोमेन गुगलचे असते, म्हणून ही ओळ बदलण्याचा अधिकार फक्त गुगलला असतो. सारा फरक इथे आहे.

आपल्या जिल्ह्याइतके याचे चांगले उदाहरण दुसरीकडे सापडणार नाही. सप्टेंबर २०२३ च्या अधिसूचनेने महसुली जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. ज्या कार्यालयांच्या पत्त्यात 'उस्मानाबाद' हे नाव इंग्रजी अक्षरांत होते, त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या : जुने नाव चालू ठेवायचे किंवा नवा पत्ता काढून सगळ्यांना कळवायचे. स्वतःचे डोमेन आणि स्वतःचा मेल सर्व्हर असता तर जुन्या नावाला नव्याचे टोपणनाव म्हणून जोडता आले असते. जुन्या पत्त्यावर आलेले पत्र नव्या पेटीत पडले असते, उत्तर नव्या नावाने गेले असते, आणि गावोगावच्या कर्मचाऱ्याला काही करावे लागले नसते. आपल्या एका जिल्ह्यात सहाशेहून अधिक ग्रामपंचायती आहेत. प्रत्येकीने वेगळे खाते उघडायचे आणि वेगळे कळवायचे, की मुख्यालयात एकाने एकदा नोंद करायची, एवढाच हा हिशेब आहे.

केंद्र सरकारने नेमके हेच करून दाखवले आहे. गेल्या काही काळात पंतप्रधान कार्यालयासह केंद्राची सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ई-मेल खाती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, जुन्या प्रणालीवरून झोहो या भारतीय कंपनीने उभारलेल्या प्रणालीवर गेली. नागरिकांना त्याचा पत्ताही लागला नाही, कारण 'एनआयसी डॉट इन' आणि 'गव्ह डॉट इन' ही डोमेन सरकारचीच होती आणि राहिली. उलट बाजूचे उदाहरण मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जीचे. रशियन भागीदारीमुळे युरोपीय संघाने जुलै २०२५ मध्ये या तेल कंपनीवर निर्बंध घातले आणि लगेच मायक्रोसॉफ्टने तिच्या ई-मेल व इतर सेवा थांबवल्या. भारतात कोणताही कायदा मोडला नव्हता, पैसे भरलेले होते, तरी कर्मचाऱ्यांना स्वतःचीच पत्रे उघडता येईनात. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. दरम्यान तिला रेडिफच्या ई-मेलचा आधार घ्यावा लागला. आपल्या ग्रामपंचायतींवर कोणी निर्बंध घालणार नाही हे खरे. पण परक्याच्या यंत्रात ठेवलेल्या दप्तरावर आपला हक्क किती आणि त्याची मर्जी किती, हे या एका आठवड्याने दाखवले.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप सेतू केंद्राबाहेर रांगेत उभा असलेला कोणीही घेईल : सरकारी सर्व्हर म्हणजे 'सर्व्हर डाऊन'. राज्यभराचा भार एकाच वेळी झेलणाऱ्या प्रणाली अडखळतात, हा लोकांचा अनुभव आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. त्यात आपल्याकडची वीज आणि इंटरनेटची स्थिती. म्हणून यंत्र जिल्हा परिषदेच्या जिन्याखालच्या खोलीत ठेवावे, असे मी म्हणत नाही. ते राज्याच्या डेटा सेंटरमध्ये किंवा भारतातल्या एखाद्या चांगल्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घ्यावे. त्यावरचे सॉफ्टवेअर, त्यातली माहिती आणि प्रशासकाचा पासवर्ड मात्र जिल्ह्याकडे असावा. शिवाय आठ तालुक्यांचा ई-मेल हा राज्याच्या शिधापत्रिकांसारखा भार नाही. आणि ई-मेलची रचनाच खंड गृहीत धरून झालेली आहे. समोरचा सर्व्हर बंद दिसला तर पाठवणारा सर्व्हर पत्र फेकून देत नाही, थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार हे प्रयत्न किमान चार-पाच दिवस चालू राहिले पाहिजेत. म्हणजे शनिवारी सर्व्हर बंद पडून सोमवारी सुरू झाला, तर पत्र उशिरा येईल, पण येईल. उलट फुकटच्या खात्याची १५ जीबी जागा फोटोंनी भरली की नवे पत्र येणे थांबते, आणि गावात ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. गुगलकडे सुरक्षेची माणसे आहेत, धाराशिवकडे कोण आहे? ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सायबर हल्ल्याने सुमारे ९४ कोटी रुपये गेले. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची यंत्रणा रॅन्समवेअरने ठप्प झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर तसेच अडकले आणि कित्येक दिवस रुग्णांची कामे हाताने करावी लागली. या घटना मी मुद्दाम मांडतो, कारण आपला सर्व्हर म्हणजे आपोआप सुरक्षित सर्व्हर, असे समजणे घातक आहे. पण एम्सच्या प्रकरणात शासनाने संसदेत काय सांगितले तेही पाहावे : नेटवर्कची विभागणी योग्य नव्हती म्हणून हल्ला पसरला, आणि रुग्णालयाची माहिती परत मिळाली ती हल्ल्यातून सुटलेल्या बॅकअप सर्व्हरमुळे. म्हणजे धडा 'स्वतःचे ठेवू नका' असा नाही. धडा असा, की वेगवेगळ्या कामांची यंत्रे एकमेकांपासून वेगळी ठेवा, सुधारित आवृत्त्या वेळेवर बसवा, आणि माहितीच्या तीन प्रती ठेवा. त्यातली एक दुसऱ्या गावी, नेटवर्कपासून तोडलेली. दर तीन महिन्यांनी बॅकअपमधून एखादी पेटी प्रत्यक्ष उभी करून पाहावी, कारण न तपासलेला बॅकअप नसल्यासारखाच. आणि आज धोका कमी आहे असे तरी कुठे आहे? एकच पासवर्ड चौघांना माहीत असलेले खाते कितीही मोठ्या कंपनीचे असले तरी उघडेच असते. स्वतःच्या सर्व्हरवर बदलीच्या दिवशी जुन्या अधिकाऱ्याचा प्रवेश मुख्यालयातून बंद करता येतो. जीमेलमध्ये तो बंद करायला त्याचीच विनवणी करावी लागते.

तिसरा आक्षेप जाणकारांचा आहे. स्वतःच्या सर्व्हरवरून पाठवलेला मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतो. हे खरे आहे, आणि स्वतः ई-मेल चालवू पाहणाऱ्या अनेकांनी याच कारणाने नाद सोडला आहे. मोठ्या कंपन्या अनोळखी सर्व्हरवर विश्वास ठेवत नाहीत. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम आणखी कडक केले. पत्र खरोखर त्याच डोमेनवरून आले आहे हे सिद्ध करणाऱ्या एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तीन नोंदी आता लागतातच; सर्व्हरच्या आयपी क्रमांकाची उलट नोंदही बरोबर हवी, आणि तो क्रमांक पूर्वी कोणी स्पॅमसाठी वापरलेला नसावा. सुरुवातीला एवढे करूनही काही पत्रे अडकतील. त्यावर उपाय असा, की येणारे टपाल आणि साठवण आपल्या सर्व्हरवर ठेवायची, पण जाणारे टपाल पहिली काही वर्षे एनआयसीच्या किंवा एखाद्या प्रस्थापित सेवेच्या वाटेने पाठवायचे. पत्ता आपलाच राहतो, प्रत आपल्याकडेच राहते, फक्त वाहतूक दुसऱ्याची. स्वतःचे सगळे पहिल्या दिवसापासून चालवण्याचा हट्ट धरला तर योजना बदनाम होईल आणि सगळे पुन्हा जीमेलकडे वळतील.

चौथा आक्षेप मनुष्यबळाचा आणि पैशांचा. लागणारे सॉफ्टवेअर मुक्त स्रोताचे आहे आणि त्याला परवाना शुल्क नाही. टपाल हलवणारे पोस्टफिक्स आणि पेट्या सांभाळणारे डव्हकॉट ही जगभर वर्षानुवर्षे वापरात असलेली साधने आहेत. फायली, सामायिक तक्ते आणि माहिती मागवण्याचे फॉर्म यांसाठी नेक्स्टक्लाउड आहे. खर्च येतो तो माणसांवर, आणि तो टाळू नये. जिल्ह्यात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे, विद्यापीठाचे उपकेंद्र आहे, एनआयसीचे जिल्हा कार्यालय आहे. तिथून शिकून बाहेर पडणारी मुले पुणे-हैदराबादच्या कंपन्यांत हीच कामे करतात. दोन पूर्णवेळ प्रशासक नेमावेत. एक का नाही, तर एक रजेवर गेला की दप्तर रजेवर जाते. विद्यार्थ्यांनी शिकावे, चाचणी सर्व्हरवर सराव करावा, पण चालू सर्व्हरची जबाबदारी त्यांच्यावर टाकू नये. आणि प्रत्येक कृती, म्हणजे पेटी कशी उघडायची, बॅकअपमधून कशी परत आणायची, सर्व्हरचे सुरक्षा प्रमाणपत्र कधी नवे करायचे, हे सगळे मराठीत लिहून कार्यभार यादीला जोडावे. नाही तर ओटीपीसाठी जुन्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याला होणारा फोन उद्या जुन्या सर्व्हर प्रशासकाला होईल.

पाचवा आक्षेप आपल्याच यंत्रणेतून येईल : हे काम एनआयसीचे, राज्याच्या महाआयटीचे, जिल्ह्याने कशाला? आणि २०१८ मध्ये तर राज्याने सार्वजनिक क्लाउड धोरण जाहीर केले आहे. उत्तर सोपे आहे. एनआयसी उद्या प्रत्येक ग्रामपंचायतीला आणि शाळेला पदनामाचा पत्ता देत असेल, तर तोच घ्यावा. या पत्रातली निम्मी मागणी तिथेच पूर्ण होईल. क्लाउड धोरणाशीही यात विरोध नाही, कारण भाड्याच्या यंत्रावर स्वतःचे सॉफ्टवेअर चालवणे हेही क्लाउडच. विरोध आहे तो माहिती आणि पत्ता दोन्ही दुसऱ्याच्या नावावर करण्याला. बँकांच्या बाबतीत हे रिझर्व्ह बँकेने ओळखले. बनावट संकेतस्थळांना आळा घालण्यासाठी तिने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'बँक डॉट इन' या राखीव डोमेनवर यायला सांगितले, म्हणजे पत्ता पाहूनच खातेदाराला खरी बँक ओळखता यावी. ग्रामपंचायतीच्या नावाने आलेल्या घरपट्टीच्या मेलबाबत गावकऱ्याला अशी खूण आज नाही. जीमेलवर तसे खाते कोणीही पाच मिनिटांत उघडू शकतो.

सरकारी यंत्रणेला हे झेपत नाही, असे कोणी म्हटल्यास दोन्ही बाजू पाहाव्यात. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने दोन दशकांपूर्वी मुक्त सॉफ्टवेअरकडे मोठे स्थलांतर सुरू केले आणि २०१७ मध्ये परत मायक्रोसॉफ्टकडे जाण्याचा निर्णय घेतला. त्याच देशातल्या श्लेसविग-होल्श्टाइन राज्याने मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये ४० हजारांहून अधिक ई-मेल पेट्या मायक्रोसॉफ्टकडून मुक्त सॉफ्टवेअरवर आणण्याचे काम पूर्ण केले. वाटेत तक्रारी झाल्या, तरी काम थांबले नाही. राजकीय पाठबळ टिकले तर हे होते आणि टिकले नाही तर होत नाही, असाच याचा अर्थ. भाषेच्या बाजूनेही वाट मोकळी आहे : २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' डोमेन मिळते आणि राजस्थान सरकारने २०१७ मध्ये नागरिकांना हिंदीतला ई-मेल पत्ता देऊ केला. प्रत्येक गावाला रोमन पत्त्याबरोबर देवनागरी पत्ताही देता येईल. सगळ्या सेवा तो अजून स्वीकारत नाहीत, म्हणून दोन्ही एकाच पेटीला जोडावेत.

सुरुवात लहान असावी. वाशी तालुका घ्यावा. पहिल्या सहा महिन्यांत शासकीय डोमेनखाली तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीला आणि जिल्हा परिषद शाळेला पदनामाचा पत्ता द्यावा आणि जुन्या खात्यातला पत्रव्यवहार, कोणाच्या हातून निसटण्याआधी, नव्या पेटीत उतरवून घ्यावा. त्याबरोबरच माहिती मागवण्यासाठी बाहेरच्या लिंक पाठवणे बंद करून जिल्ह्याच्या सर्व्हरवरचा फॉर्म द्यावा. ई-मेल खात्याचा समावेश कार्यभार यादीत करण्याचे परिपत्रक तर उद्याच काढता येईल. त्याला ना सर्व्हर लागतो ना निधी. वर्षअखेरीस सेवा किती तास बंद राहिली, किती पत्रे अडकली, बॅकअपची चाचणी किती वेळा झाली, हे जिल्ह्याच्या संकेतस्थळावर मांडावे. आकडे वाईट असतील तर पुढचा तालुका घेऊ नये, आणि चांगले असतील तर कोणत्याही तालुक्याला मागे ठेवू नये.

१९८० च्या दशकात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयाची आणि अभिलेखांची मांडणी बदलली. मुंबईहून आदेश येण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. काम उभे राहिल्यावर राज्यभर ते 'लखिना पॅटर्न' म्हणून ओळखले गेले. धाराशिव हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. अशा जिल्ह्याने मागणीपत्रे पाठवत बसायचे की एखादी गोष्ट करून दाखवायची, हे आपण दोघांनी ठरवायचे आहे. आपल्या दोघांचीही कधीतरी बदली होईल. त्याआधी कार्यभार यादीत ई-मेल खात्याची एक ओळ वाढवा आणि वाशीपासून सुरुवात करा, एवढीच विनंती.

आपला विश्वासू,
धाराशिव जिल्ह्याचा एक नागरिक